तीन डॉलरची म्हातारी

२०१७ च्या मे महिन्यात मी आणि आई सिडनीला दादाकडे गेलो होतो, तीन महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर. दादा वेंटवर्थव्हिलला राहतो, पॅरामॅटाच्या जरा पुढे, आणि तिथे आपली वस्ती इतकी आहे की कोपऱ्यावरच्या दुकानात कढीपत्ता, इडलीचं पीठ, पार्ले-जी सगळं मिळतं. तिसऱ्या दिवशी त्या दुकानातून बाहेर पडताना आई मला म्हणाली, "आपण ठाण्याला कधी पोचलो गं?" आता हे ती गमतीत म्हणाली की तिला खरंच तसं वाटलं हे मला तेव्हा कळलं नाही, आजही सांगता येणार नाही. मी हसले. ती पण हसली, पण माझ्यानंतर.

मे महिना म्हणजे तिकडे थंडीची सुरुवात, आणि तिकडची घरं आतून भयंकर गार असतात हे कुणी आधी सांगतच नाही. तर आईसाठी स्वेटर बघायला मी जवळच्या ऑप शॉपमध्ये गेले, म्हणजे लोकांनी देऊन टाकलेल्या जुन्या वस्तूंचं दुकान, पैसे धर्मादाय कामाला जातात. स्वेटर मिळाला. आणि काउंटरजवळच्या खोक्यात एक डीव्हीडीचा सेट मिळाला, कव्हरवर एक बारकीशी, नीटनेटकी म्हातारी आणि तिच्या शेजारी एक माणूस, ज्याच्या तोंडावरचे भाव मी रोज सकाळी बाथरूमच्या आरशात बघते. तीन डॉलर. नाव होतं 'मदर अँड सन'. घेतला, म्हटलं दुपारी दादा-वहिनी ऑफिसला गेल्यावर करायचं काय, तेवढाच टाइमपास.

त्या म्हातारीचं नाव मॅगी बेअर (आई म्हणाली, "मॅगी? नूडल्सवाली?") आणि ते काम करणारी बाई रूथ क्रॅकनेल. मी हे नाव आधी कधी ऐकलंही नव्हतं. वहिनीच्या ऑफिसातल्या बायकांना मात्र नुसतं नाव घेतलं की हसू येतं म्हणे, आणि हसून झाल्यावर त्या एकदम आपापल्या आयांबद्दल बोलायला लागतात.

सिरीयलची गोष्ट दोन ओळींत सांगण्यासारखी आहे. आर्थर हा धाकटा मुलगा, पत्रकार, घटस्फोट झालेला, आणि आता विधवा आईबरोबर राहतो कारण तिला एकटं ठेवता येत नाही. थोरला रॉबर्ट डेंटिस्ट, मोठं घर, बायको लिझ, बाहेर भानगडी, आणि आईचं काही करायची वेळ आली की दोघंही कुठेतरी बिझी. आणि आईचा लाडका कोण? रॉबर्ट. रॉबर्ट आला की म्हातारीचा चेहरा फुलतो, आणि दिवसरात्र राबणारा आर्थर म्हणजे जणू घरात उगीच पडलेला एक माणूस.

पहिला एपिसोड संपल्यावर मी डीव्हीडी बंद केली आणि गच्चीत, म्हणजे त्यांच्या त्या मागच्या अंगणात, जाऊन उभी राहिले. कारण माझं लग्न चार वर्षांत आटपलं, मी ठाण्याला आईकडे परत आले, घरूनच लोकांची अकाउंट्स करते, आणि माझा दादा सिडनीत आहे. कोणीतरी १९८४ साली, माझ्या घरात डोकावून, फक्त मुलीच्या जागी मुलगा टाकून हे लिहिलंय असं वाटलं.

लिहिलंय जेफ्री अ‍ॅथर्डन यांनी. १६ जानेवारी १९८४ ला एबीसीवर सुरू झाली, एबीसी म्हणजे त्यांचं सरकारी पैशावर चालणारं चॅनल, आपल्या दूरदर्शनसारखं पण त्यावर जाहिराती नाहीत. १९९४ ला संपली. दहा वर्षं, सहा सीझन, आणि एपिसोड किती, तर ४२. फक्त बेचाळीस! आपल्याकडे बेचाळीस एपिसोडमध्ये नायिकेचा साखरपुडासुद्धा होत नाही. पण त्या बेचाळीसमध्ये एकही भरीचा नाही, हे मी दोनदा सगळे बघून सांगतेय.

रूथबरोबर आर्थरचं काम करणारा गॅरी मॅकडोनाल्ड पण समजून घ्यायला हवा, कारण टाळी दोन हातांची आहे. हा माणूस सत्तरच्या दशकात तिकडे नॉर्मन गन्स्टन नावाच्या एका बावळट मुलाखतकाराच्या सोंगात प्रसिद्ध होता, दाढी करताना कापलेल्या जागी टिश्यूचे तुकडे चिकटवलेले, मोठमोठ्या लोकांना वाट्टेल ते विचारायचा. १९७५ ला तिकडच्या गव्हर्नर जनरलने पंतप्रधान व्हिटलमना बडतर्फ केलं तेव्हा हा त्याच वेशात संसदेच्या पायऱ्यांवर हजर. १९७६ चा गोल्ड लोगी, म्हणजे त्यांच्या टीव्हीचा सगळ्यात मोठा अवॉर्ड, त्या काल्पनिक पात्राच्या नावानेच मिळाला. असा विदूषक माणूस इथे काय करतो, तर काहीच करत नाही. फक्त सहन करतो. तोंड उघडतो, बंद करतो, भिंतीकडे बघतो. आणि पुढे १९९३ मध्ये तो जुना नॉर्मन परत आणायच्या प्रयत्नात त्याची तब्येत मानसिकदृष्ट्या पार ढासळली, त्यानंतर तो स्वतःच्या अ‍ॅन्झायटीबद्दल उघडपणे बोलायला लागला. हे कळल्यावर आर्थरचा चेहरा मला वेगळा दिसायला लागला खरा, पण तो विषय वेगळा, मला रूथबद्दल लिहायचंय.

रूथ क्रॅकनेलचा जन्म ६ जुलै १९२५ चा, न्यू साउथ वेल्समधल्या मेटलंड गावचा. लहानपणीच सिडनीला आली, नॉर्थ सिडनी गर्ल्स हायस्कूलमध्ये शिकली, क्लार्कची नोकरी केली, हौशी नाटकं केली, आणि चाळीसच्या दशकात रेडिओवर गेली. हा रेडिओचा भाग महत्त्वाचा आहे. कारण ऑस्ट्रेलियात टीव्ही आला १९५६ ला, तोही मेलबर्न ऑलिंपिकच्या निमित्ताने घाईघाईत, तोपर्यंत नाटकवाल्यांचं पोट चालायचं ते रेडिओवर. श्रुतिका, मालिका, धंदाच होता तो मोठा, आणि लोक एका स्टुडिओतून दुसऱ्या स्टुडिओत पळायचे. 'ब्लू हिल्स' नावाची तिकडची एक रेडिओ मालिका १९४९ ते १९७६ चालली, ५७९५ भाग. हे वाचून मला आमच्या आईचं 'पुन्हा प्रपंच' आठवलं, टेकाडे भावजी आणि मीनावहिनी, ज्यांचे चेहरे महाराष्ट्रात कुणाला माहीत नव्हते पण आवाज अंधारातसुद्धा ओळखू यायचा. आईला आजही मीनावहिनींचा आवाज काढता येतो. काल भाजी काय केली होती ते सांगता येत नाही.

तर रूथचं सगळं शिक्षण असं आवाजाचं. नंतर पन्नासच्या दशकात ती लंडनला जाऊन आली, सिडनीच्या फिलिप स्ट्रीट थिएटरमध्ये रिव्ह्यू केले, म्हणजे गाणी आणि चावरे प्रहसन असा प्रकार, ज्यात तीन मिनिटांत अख्खं माणूस उभं करून पडदा पडायच्या आत मोडायचं असतं. १९५७ ला एरिक फिलिप्सशी लग्न, तीन मुलं. मग नाटकं, सिनेमात छोटी छोटी कामं, फ्रेड स्केप्सीच्या 'द चांट ऑफ जिमी ब्लॅकस्मिथ' मध्ये १९७८ ला मिसेस न्यूबी. त्याच वर्षी पॅट्रिक व्हाइटने, हो तोच नोबेलवाला, स्वतः पटकथा लिहिलेल्या एका सिनेमात आईचं काम. नाटक बघणाऱ्या लोकांत नाव होतं, मान होता. पण रस्त्यावर लोकांनी हाका माराव्यात असं काही नाही.

आणि मग वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी मॅगी.

मी हे वाचलं तेव्हा माझं वय होतं बेचाळीस, आणि माझं सगळं आता संपल्यात जमा आहे असा माझा एक लाडका समज होता, तो थोडा हलला. फार नाही. थोडा.

अठ्ठावन्न म्हणजे काही म्हातारी नव्हे. मॅगी तिच्यापेक्षा चांगली पंधरावीस वर्षांनी मोठी वाटते. म्हणजे तिने हे वय अंगावर चढवलं होतं, आणि ते मेकअपने नाही. बघा कधी मिळाले एपिसोड तर. ती खोलीत येते. कशाला आलो ते विसरलेली असते. हे तुम्हाला संवादातून कळत नाही, एक क्षणभर तिचे डोळे रिकामे होतात, जसा आपला मोबाईल क्षणभर नेटवर्क सोडतो आणि परत पकडतो, तसं. आणि लगेच पुढच्या क्षणी ती काहीतरी तक्रार काढते. आर्थर, इथे किती गार आहे. आर्थर, तू असा का बसलायस. म्हणजे ती विसरली हे आर्थरच्या लक्षात यायच्या आत तिने त्यालाच काहीतरी दोष देऊन टाकलेला असतो. प्रेक्षक हसतात ते त्या तक्रारीला. पण माझ्यासारखे लोक असतात ना, घरी हेच बघणारे, त्यांना तो मधला रिकामा क्षण दिसतो आणि मग हसू येतं ते जरा वेगळं येतं.

ऑस्ट्रेलियन लोकांचा या सिरीयलवरचा लाडका वाद असा की मॅगी खरंच विसरते की सोंग करते? कारण आर्थरच्या आयुष्यात कोणी बाई येतेय असं दिसलं की नेमका त्याच दिवशी मॅगीचा गोंधळ वाढतो. घराबाहेरच्या माणसापुढे ती त्याच्याबद्दल असं काही बोलून ठेवते की तो माणूस आर्थरकडे राक्षस बघावा तसा बघतो. आणि त्याच मॅगीला रॉबर्टसमोर सगळं आठवतं. तर काही म्हणतात पक्की लबाड आहे, काही म्हणतात बिचारी आजारी आहे. आणि रूथ क्रॅकनेलने दहा वर्षांत एकदाही हा निकाल लावून दिला नाही. तुम्हाला वाटतं आता कळलं, धरली चोरी, आणि ती मान किंचित कलती करून असं निरागस बघते की तुमचीच तुम्हाला लाज वाटते. आवाज तर काय, तोच रेडिओवरचा, मधात बुडवलेली सुई.

आता आमच्या घरचं सांगते. आई शाळेत मराठी शिकवायची, तेहतीस वर्षं. २०१५ च्या आसपास तिने पहिल्यांदा किल्ल्या फ्रीजमध्ये ठेवल्या, मग पेन्शनचं पासबुक तांदळाच्या डब्यात, आणि मग एक दिवस शेजारच्या काकूंना दारात उभं राहून सांगितलं की सकाळपासून हिने मला चहासुद्धा दिला नाहीये. दोन चहा आणि एक थालीपीठ झालं होतं. काकूंनी मला तेव्हा ज्या नजरेने पाहिलं ती मी विसरणार नाही, मला विसरायचा आजार झाला तरी. आणि रविवार सकाळ म्हणजे दादाचा व्हिडिओ कॉल. शनिवारी रात्रीपासून तयारी. इस्त्रीची साडी, पावडर, चष्मा पुसलेला. कॉलवर ही बाई खणखणीत! नातवाची परीक्षा कधी, वहिनीच्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन कसं झालं, तिकडे आता पाऊस आहे का, सगळं. दादा म्हणायचा, "अगं आई तर एकदम फर्स्टक्लास आहे, तू उगाच टेन्शन घेतेस." आणि कॉल कट झाला की दहा मिनिटांत मला विचारायची, आज रविवार ना, दादाचा फोन नाही आला?

मला तेव्हा काय वाटायचं हे स्वच्छ लिहायला लाज वाटते, पण लिहिते. मला वाटायचं ही मुद्दाम करते. लेकाला चांगली बाजू दाखवायची आणि लेकीला छळायचं. आपल्याकडे मुलगा म्हणजे मुलगा, आणि तोही परदेशात. मी भांडायचे तिच्याशी. भांडून झालं की ती कशावरून भांडण झालं ते विसरायची आणि मी दोन दिवस धुमसत बसायचे, म्हणजे भांडणाची सगळी शिक्षा मलाच.

सिडनीत दादाच्या घरी त्या तीन महिन्यांत हेच, मोठ्या पडद्यावर. संध्याकाळी दादा आला की आई सोफ्यावर ताठ. दिवसभर मला "बाथरूम कुठंय" विचारणारी बाई दादाला त्याच्या बालपणीच्या गोष्टी तारखेवार सांगायची. आणि रात्री नऊला कोसळायची, अक्षरशः, चपलांसकट झोपायची.

दुपारी आम्ही मॅगी बघायचो. आईचं इंग्लिश बेताचं, त्यात तो ऑस्ट्रेलियन उच्चार, पण तिला काही अडत नव्हतं. एकदा म्हणाली, "ही बाई लबाड आहे."

मी म्हटलं, "अगं ती विसरते ना, आजार आहे तिला."

"विसरते तेवढं विसरते," आई म्हणाली, "बाकीचं आठवतं म्हणून दाखवते."

मी एकदम तिच्याकडे बघितलं. कारण माझ्या मनात सोंग म्हणजे विसरल्याचं सोंग एवढंच होतं. हे उलटं सोंग माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मग तिने विचारलं, "आणि हा मुलगा लग्न का नाही करत?" म्हटलं, झालं होतं, मोडलं. ती माझ्याकडे बघत राहिली, काही बोलली नाही, आणि मग म्हणाली, चहा टाक.

ठाण्याला परत आल्यावर न्यूरॉलॉजिस्टकडे गेलो तेव्हा मी डॉक्टरांना तक्रारीच्या सुरातच सांगितलं, की तुमच्यासमोर बघा आता कशी छान बोलतेय, घरी नाही हो अशी. डॉक्टर म्हणाले, हे अगदी नेहमीचं आहे. सुरुवातीच्या काळात पाहुण्यांसमोर, डॉक्टरसमोर, लांबून आलेल्या मुलासमोर पेशंट असेल नसेल ती सगळी ताकद एकवटतो आणि थोडा वेळ निभावून नेतो, आणि मग ज्याच्यासमोर निभावायची गरज वाटत नाही त्याच्यासमोर पडतो. त्यांनी हे फार सहज सांगितलं, पुढचा पेशंट बोलवायच्या घाईत. मी रिक्षात बसेपर्यंत रडत होते, आणि आई मला विचारत होती की डॉक्टर काय म्हणाले, तुला काय झालंय?

त्यानंतर मी परत सगळे एपिसोड बघितले, आणि तेव्हा मला रूथ क्रॅकनेल काय करत होती ते पहिल्यांदा दिसलं. ती म्हातारीचं काम करत नव्हती. जी बाई स्वतः दिवसभर काम करतेय, भूमिका निभावतेय, आपण ठीक आहोत ही भूमिका, त्या बाईचं काम ती करत होती. मॅगी ही स्वतःच एक नटी आहे, जिचे संवाद हळूहळू पुसले जातायत आणि जी प्रत्येक एन्ट्रीला काहीतरी ऐनवेळचं जोडून वेळ मारून नेतेय. रॉबर्ट हा तिचा प्रेक्षक. आर्थर विंगेत उभा असलेला माणूस, त्याला सगळं दिसतं, तिची धाप, तिचं चुकणं, आणि म्हणून तिचा राग त्याच्यावर. कुठल्या नटीला विंगेतला माणूस आवडतो?

हे असं करायला रेडिओ, रिव्ह्यू, स्टेज यातून चाळीस वर्षं गेलेलीच बाई हवी. वीस वर्षांच्या अनुभवात हे येत नाही असं माझं मत आहे, चुकत असेन तर सांगा.

आणि आपल्याकडे असं का झालं नाही, हा विचार पाठ सोडत नाही. आपल्याकडचं म्हातारपण म्हटलं की 'नटसम्राट'. १९७० सालचं ते नाटक, शिरवाडकर, डॉ. लागू, त्याच्या मोठेपणाबद्दल माझ्यासारखीने बोलायला नको. पण त्याने आमच्या डोक्यात एक साचा पक्का केला, की म्हातारे आईबाप म्हणजे अन्याय झालेले आणि मुलं म्हणजे कृतघ्न. टीव्हीवर त्याच्या जोडीला आणखी एक, कजाग सासू. मध्ये काहीच नाही. आई लबाड असू शकते, आई लाडकं-नावडतं करू शकते, आणि तरीही तिला रात्री उठून पाणी द्यावंसं वाटतं, आणि देताना दात ओठ खावेसे वाटतात, हे सगळं एकाच वेळी, हसत हसत, अर्ध्या तासात, कोणी दाखवलंच नाही. हसलं तर पाप लागेल अशी भीती असावी.

रूथने मात्र मॅगीची कीव कधी येऊ दिली नाही. म्हातारी हरत नाही. बहुतेक वेळा शेवटी जिंकते तीच, आर्थरच्या हातात फक्त कप उरतो. मला वाटतं यात त्या बाईचा म्हातारपणाबद्दलचा आदर आहे, लबाडी करायचा हक्क शाबूत ठेवलाय तिने.

मॅगीच्या काळात ती आणखीही बरंच करत होती, ते पण सांगते भरभर. १९८८ ला मेलबर्न थिएटर कंपनीच्या 'द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट' या विनोदी नाटकात लेडी ब्रॅकनेल, क्रॅकनेलची ब्रॅकनेल म्हणून लोकांना गंमत वाटली असणारच, आणि त्यात जॅकचं काम केलं होतं जेफ्री रशने, तेव्हा तो ऑस्कर वगैरेपासून खूप लांब होता. १९९४ ला मॅगी संपली त्याच वर्षी 'स्पायडर अँड रोज' हा सिनेमा आला, अपघातातून वाचलेली म्हातारी आणि तिला घरी सोडायला निघालेला तरुण अँब्युलन्स ड्रायव्हर. आणि १९९६ चा 'लिलियन्स स्टोरी'. हा मला मॅगीइतकाच आवडला. सिडनीत बी माइल्स नावाची एक खरीखुरी बाई होऊन गेली, रस्त्यावर राहायची, टॅक्सीत बसायची आणि पैसे द्यायची नाही, आणि पैसे घेऊन लोकांना शेक्सपिअर म्हणून दाखवायची. तिच्यावरून सुचलेल्या केट ग्रेनव्हिलच्या कादंबरीवर हा सिनेमा आहे. तरुण लिलियन टोनी कोलेट, म्हातारी लिलियन रूथ. इथे सगळ्या जगाला वेडी वाटणारी बाई पाठ केलेलं एक अक्षर विसरत नाही. मॅगीच्या बरोबर उलट, आणि चेहरा तोच.

१९९७ ला तिने आत्मचरित्र लिहिलं, 'अ बायस्ड मेमॉयर', म्हणजे पक्षपाती आठवणी, आणि नावातच सांगून टाकलं की माझ्याकडून न्यायाची अपेक्षा ठेवू नका. धमाल खपलं ते. आणि १९९८ मध्ये ती आणि एरिक फिरायला व्हेनिसला गेले.

तिथे एरिक आजारी पडला. सुट्टीला म्हणून गेलेली बाई परक्या शहरात, परक्या भाषेत, हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये. बाहेर ते सगळं सुंदर पाणी आणि पूल, आत हे. नंतर त्याला सिडनीला परत आणलं, पण त्याच वर्षी तो गेला. एक्केचाळीस वर्षांचा संसार. तिने त्यावर 'जर्नी फ्रॉम व्हेनिस' हे पुस्तक लिहिलं, २००० ला आलं. दहा वर्षं जिने सांभाळून घेतल्या जाणाऱ्या बाईचं काम केलं, तीच आता सांभाळणारी. आर्थरच्या जागी. मला फार वाटतं की तिला त्या कॉरिडॉरमध्ये कधीतरी गॅरी मॅकडोनाल्डचा तो भिंतीकडे बघणारा चेहरा आठवला असेल का. हे अर्थात माझ्या मनाचे खेळ.

२००१ ला तिला लोगीच्या हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. पहिली बाई. १९८४ पासून दरवर्षी कोणा ना कोणाला घेत होते आणि पहिली बाई मिळायला २००१ उजाडलं, आणि दुसरी थेट २०१६ ला, नोनी हेझलहर्स्ट. मध्ये पंधरा वर्षं. यावर काय बोलायचं, आपल्याकडे यादी काढली तर फार वेगळं निघेल असं नाही. पुढच्याच वर्षी, १३ मे २००२ ला, सिडनीत रूथ गेली. शहात्तर वर्षांची होती. म्हणजे मॅगीचं जे वय तिने अठ्ठावन्नाव्या वर्षी अंगावर घेतलं होतं, त्या वयाला खरी खरी पोचली आणि गेली.

२०२३ ला एबीसीने नवीन 'मदर अँड सन' आणली, डेनिस स्कॉट मॅगी आणि मॅट ओकाइन आर्थर. दादाने मुद्दाम मेसेज करून सांगितलं. मी अजून बघितलेली नाही, धीर होत नाही, आपल्या घरात कोणी दुसऱ्यानेच राहायला यावं असं वाटतं. बघेन कधीतरी.

दादा डिसेंबरमध्ये येऊन गेला. कोविडमुळे आणि मग याच्या-त्याच्यामुळे बऱ्याच वर्षांनी आला. आई आता खूप पुढे गेलीये, नावं जातात, दिवस-रात्र कळत नाही, पण तो येणार म्हणून मी तिला इस्त्रीची साडी नेसवली आणि पावडर लावली, तिने आरशात बघून पदर नीट केला. तो आला. ती त्याच्याकडे बघून अशी प्रसन्न हसली, त्याचा हात हातात घेतला, म्हणाली, "किती वाळलास रे. प्रवास बरा झाला ना? तिकडे सगळे मजेत?" एकही नाव घेतलं नाही, आणि कुठे अडलीही नाही. दोन तास. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. दादा निघताना खालपर्यंत सोडायला गेले तर डोळे पुसत म्हणाला, "मला वाटलं होतं ओळखणार नाही."

पुढचं मी दादाला कितीतरी दिवस सांगितलं नव्हतं, मागच्या आठवड्यात फोनवर सांगितलं, म्हणून आता इथे लिहितेय.

रात्री तिची कूस बदलायला गेले तर जागी होती. मला म्हणाली, "तो आला होता तो मुलगा कोण गं? चांगल्या घरातला वाटला. जेवून गेला ना?"

म्हटलं, हो, पोटभर जेवला.

थोडा वेळ गप्प. मला वाटलं झोपली. मग अगदी हळू आवाजात, "त्याला कळलं नाही ना?"

"काय?"

"मी ओळखलं नाही ते."

नाही, म्हटलं, अजिबात नाही. मग तिने पांघरूण ओढून घेतलं आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.